दुकानाचे कार्ड, त्यावरचे पॉइंट आणि महिन्याच्या किराण्याचा हिशेब

विश्रामबागकर (धागाकर्ता)

ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत मी घरातील किराण्याची एकही पावती फेकली नाही. निवृत्तीनंतर हाताशी वेळ असतो हे एक कारण झाले. खरे कारण असे की, सप्टेंबरच्या शेवटी जीएसटी कमी झाल्यावर महिन्याचे बिल खाली येईल अशी घरात सर्वांची समजूत होती आणि ते काही आले नाही. सौभाग्यवतींचे म्हणणे पडले की, बिल उतरले नसले तरी कार्डावर पॉइंट जमत आहेत, म्हणजे फायदा होतोच आहे. त्यावर मी काही बोललो नाही, पण वही काढली.

ज्या दुकानाचे कार्ड आमच्याकडे आहे त्याचे नाव येथे देत नाही. (सांगलीत ढकलगाडी घेऊन फिरता येते अशा कोणत्याही दुकानाला मॉलच म्हणतात, तसा तो मॉल समजावा.) तेथे शंभर रुपयांच्या खरेदीवर एक पॉइंट मिळतो आणि एका पॉइंटचे पन्नास पैसे धरले जातात. चार महिन्यांत आम्ही २६,४०० रुपयांचा माल आणला, म्हणजे २६४ पॉइंट व्हायला हवे होते. प्रत्यक्षात १७२ झाले, कारण तेल, साखर आणि ‘ऑफर’मधील वस्तूंवर पॉइंट मिळत नाहीत, असे नियमांच्या पत्रकात अगदी खालच्या ओळीत छापलेले होते. १७२ पॉइंटांचे ८६ रुपये होतात. २६,४०० रुपयांवर ८६ रुपये, म्हणजे शेकडा तेहतीस पैसे! तेही हाती पडलेले नाहीत, कारण २०० पॉइंट भरल्याशिवाय ते वापरता येत नाहीत. उरलेल्या २८ पॉइंटांसाठी आणखी २,८०० रुपयांची खरेदी करावी लागेल, आणि मार्चअखेर ती झाली नाही तर जुने पॉइंट बाद होऊ लागतील.

आता दुसरा हिशेब. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी बावीस वस्तूंची एकच यादी घेऊन तीन ठिकाणी भाव काढले: मॉल, गणपती पेठेतील एक घाऊक-किरकोळ दुकान आणि आमच्या कोपऱ्यावरचे दुकान. धान्य, डाळी, गूळ, शेंगदाणे, पोहे अशा बारा वस्तूंचे मॉलमध्ये १,९६२ रुपये, पेठेत १,६९० आणि कोपऱ्यावर १,८४८ झाले. साबण, टूथपेस्ट, बिस्किटे, चहा अशा दहा बंद पाकिटांचे मॉलमध्ये १,४५० रुपये, पेठेत १,५७८ आणि कोपऱ्यावर छापील किमतीने १,६४० झाले. धान्य पेठेतून आणि पाकिटे मॉलमधून घेतली असती, तर ३,१४० रुपयांत भागले असते. सगळे मॉलमधून घेतले तर ३,४१२. एका महिन्याचा फरक २७२ रुपये आहे आणि कार्डाने चार महिन्यांत दिले ८६.

माझा प्रश्न साधा आहे. या कार्डांतून कोणाला खरोखर काही सुटते का? सुटत असेल तर कसे, ते आकड्यांनिशी सांगावे.

मिरजेची सून

काका, तुमचा हिशेब चोख आहे, पण पॉइंट हा कार्डाचा सर्वांत निरुपयोगी भाग आहे आणि तुम्ही नेमका तोच मोजला आहे. आमच्याकडच्या दुकानात काही वस्तूंवर दोन भाव लावलेले असतात, एक सर्वांसाठी आणि एक कार्डधारकांसाठी. गेल्या महिन्यात तूप, पाच किलोची तांदळाची पिशवी आणि कपड्यांची पावडर या तीन वस्तूंवर मिळून माझे १९० रुपये वाचले. कार्ड फुकट मिळाले होते. मग ते न वापरण्यात शहाणपण काय आहे? महिन्याच्या पहिल्या शनिवारी जाऊन फक्त यादीतील वस्तू उचलायच्या, एवढे पथ्य पाळले की झाले.

प्रामाणिकपणे हेही सांगते की, त्याच फेरीत ‘तीनवर एक मोफत’ म्हणून मी चार शॅम्पू आणले. घरात माणसे तीन आहेत आणि त्यांपैकी एकाला टक्कल आहे.

हिशेबनीस

धाग्याच्या सुरुवातीला जीएसटीचा उल्लेख आला आहे, म्हणून आधी बिल का उतरले नाही ते पाहू.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट, शॅम्पू, केसांचे तेल, अंगाचा साबण आणि बिस्किटे यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तूप, लोणी, चीज आणि फरसाण १२ वरून ५ वर आले. कपड्यांची पावडर मात्र १८ टक्क्यांवरच राहिली. खाद्यतेल आणि साखर आधीपासून ५ टक्क्यांतच होते, त्यामुळे तेथे उतरण्यासारखे काही नव्हते. मोजून बंद केलेल्या पाकिटांतील डाळ, तांदूळ आणि पीठ यांवर जुलै २०२२ मध्ये जो ५ टक्के कर बसला, तोही तसाच आहे. हाच माल सुटा घेतला तर त्यावर कर नाही. विश्रामबागकरांच्या पेठेतील आणि मॉलमधील धान्याच्या फरकाचा काही भाग येथेच सापडेल, कारण मॉलमध्ये डाळ बहुधा पाकीटबंद असते आणि पेठेत पोत्यातून मोजून मिळते.

तेलाची गोष्ट वेगळी आहे. आपला देश गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले गेले आणि उपकर धरून एकूण भार ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेला. मे २०२५ च्या अखेरीस मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणल्यावर तो १६.५ टक्के झाला. चढताना भाव आठवड्यात चढला; उतरताना काय झाले ते प्रत्येकाने आपापल्या पावतीवर पाहावे.

आणखी एक मुद्दा. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील अन्नधान्याची महागाई १०.८७ टक्के होती आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती उणे ५.०२ टक्के झाली. मग महागाई कोठे आहे, असे कोणी विचारेल. त्या घसरणीचा मोठा वाटा भाज्यांचा (वर्षभरात २७ टक्क्यांहून अधिक उतार) आणि डाळींचा (१६ टक्क्यांहून अधिक) होता. भाजी आपण मंडईतून आणतो, ती मॉलच्या पावतीवर येतच नाही. डाळ आधीच्या वर्षी इतकी चढली होती की, उतरूनही ती पूर्वीच्या जागी आली असे गृहिणीला वाटत नाही. तेलाचा गट मात्र चढाच राहिला. सरकारी आकडा खरा आहे आणि तुमची पावतीही खरी आहे, कारण दोन्हींतील टोपली वेगळी आहे.

पेठेतला दुकानदार

मी गणपती पेठेत वडिलांच्या काळापासूनचे दुकान चालवतो. वरच्या यादीतील दुकान माझे आहे की शेजारचे, ते मला ठाऊक नाही; पण भाव ओळखीचे वाटले.

धान्यात आम्ही स्वस्त का आणि पाकिटांत महाग का, ते सांगतो. साबण-टूथपेस्टवर मला दहा टक्क्यांच्या आसपास सुटतात. मोठ्या साखळी दुकानांना कंपन्या थेट माल देतात, मधला वितरक निघून जातो, शिवाय मांडणीवर चांगली जागा दिल्याबद्दल त्यांना वेगळे पैसे मिळतात. त्यातील काही भाग ते ग्राहकाला सोडतात आणि त्यांना ते परवडते. मला ते जमणार नाही. तेलाच्या पिशवीवर तर मला कधी कधी शेकडा दोन रुपयेही सुटत नाहीत आणि मॉलवाले तीच पिशवी माझ्या खरेदीच्या भावात विकतात. ते तेलावर पॉइंट देत नाहीत याचे कारण हेच आहे. तेल हे आमिष असते. गिऱ्हाईक तेलासाठी आत येते आणि बाहेर पडताना गाडीत काजू, सॉस आणि चार शॅम्पू असतात. (मिरजेच्या ताईंनी राग मानू नये.)

धान्याचे तसे नाही. हळकुंडे, गूळ, बेदाणा, शाळू, शेंगदाणे यांचा बाजार आमच्या दारात आहे. मार्केट यार्डातून माल सकाळी निघतो आणि दुपारी पोते उघडते. त्यात पाकिटाचा, छपाईचा आणि दूरच्या गोदामाचा खर्च नाही. उन्हाळ्यात चटणीसाठी मिरची घ्यायला येणाऱ्या बायका तर देठ मोडून, वास घेऊन, दहा दुकाने फिरून भाव ठरवतात. त्यांना कोणत्या कार्डाने बांधणार?

पॉइंटांच्या हिशेबात आमच्या उधारीच्या वहीचाही हिशेब धरावा, असे मला वाटते. एखादे कुटुंब महिन्याला पाच हजारांचा माल नेते आणि पगार झाल्यावर पैसे देते. सरासरी पंधरा दिवस माझे पैसे त्यांच्याकडे बिनव्याजी असतात. बँकेचे बारा टक्के व्याज धरले तर पंधरा दिवसांचे पंचवीस रुपये होतात, म्हणजे शेकडा अर्धा रुपया. विश्रामबागकरांच्या कार्डाचाही जाहीर दर अर्धा टक्काच आहे! वहीत दुकानदार आधी देतो आणि गिऱ्हाईक नंतर फेडते. कार्डात गिऱ्हाईक आधी पैसे मोजते आणि दुकानदार पुढे कधीतरी, नियमांत बसले तर, परत करतो.

विश्रामबागकर (धागाकर्ता)

उधारीचा हिशेब असा मांडलेला मी प्रथमच पाहिला. मात्र एक शंका आहे. ज्या घरांना उधारी लागते त्यांना भाव विचारण्याची सोय राहत नाही, हा आमच्या आईचा अनुभव आहे. वहीवर नाव असले की डाळ खडे असलेली आली तरी ती गुपचूप निवडून घ्यावी लागे. कार्डाने तेवढी लाचारी तरी येत नाही.

पेठेतला दुकानदार

हे मान्य आहे. असे वागणारे दुकानदार होते आणि आजही आहेत. वहीत भाव चढवून लिहिणारेही मी पाहिले आहेत.

लेकीकडे, लेस्टर

सध्या मी मुलीकडे इंग्लंडमध्ये आहे आणि येथे या विषयावर रोज घरात बोलणे होते, म्हणून लिहिते. टेस्कोने १९९५ मध्ये आपले क्लबकार्ड आणले तेव्हा तेही पॉइंटांचेच होते. आता येथील मोठ्या दुकानांत मांडणीवर सरळ दोन किमती लावलेल्या असतात आणि कार्ड नसेल तर जास्तीची किंमत द्यावी लागते. मार्च २०२३ मध्ये येथे खाद्यपदार्थांची महागाई १९ टक्क्यांच्या वर गेली होती, तेव्हा लोकांना संशय येऊ लागला की, साधी किंमत मुद्दाम फुगवून कार्डाची किंमत कमी दाखवली जात असावी.

त्यावर येथील स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने सुमारे पन्नास हजार वस्तू तपासल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. ९२ टक्के वस्तूंवरील कार्डाची सवलत नेहमीच्या किमतीच्या तुलनेत खरी निघाली आणि पाच मोठ्या दुकानांत ती सरासरी १७ ते २५ टक्के होती. मात्र कार्डाचा भाव म्हणजे बाजारातील सर्वांत कमी भाव नव्हे, दुकाने फिरून पाहावीत, असेही त्यांनी बजावले. त्यामुळे मिरजेच्या ताईंचे म्हणणे येथे तरी खरे ठरते. माझी मुलगी तीन दुकानांची कार्डे फोनमध्ये ठेवते आणि तूरडाळ मात्र गुजराती दुकानातून आणते!

हिशेबनीस

लेस्टरच्या ताईंची माहिती उपयुक्त आहे, परंतु ती जशीच्या तशी येथे लावता येणार नाही. आपल्याकडे पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि तिच्यापेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही. त्यामुळे कार्ड नसलेल्या माणसाला लुटण्यास एक मर्यादा आहे. पळवाट दुसरीकडे आहे. नामांकित कंपनीच्या टूथपेस्टवरील किंमत कंपनी छापते, पण दुकान स्वतःच्या छापाची डाळ किंवा पीठ विकते तेव्हा ती किंमतही तेच ठरवते. डाळीच्या पाकिटावर २४० रुपये छापायचे, शेजारी १५८ रुपयांचा पिवळा फलक लावायचा आणि ३४ टक्के सवलत म्हणायचे, यात कायद्याचा भंग होत नाही. तीच डाळ पेठेत १४० रुपयांना मिळत असेल, तर ती सवलत कशावरची होती?

म्हणून मी सवलतीचा आकडा वाचतच नाही. एका किलोचा किंवा एका लिटरचा भाव काढतो. पूर्वी चहा, बिस्किटे, तेल, पीठ अशा वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत. ते बंधन २०२२ मध्ये उठले आणि त्याऐवजी पाकिटावर एकक किंमत छापण्याचा नियम आला. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती प्रतिग्रॅम असते आणि जास्त वजनाच्या पाकिटावर प्रतिकिलो. त्यामुळे एकावर ‘०.३२ रुपये प्रतिग्रॅम’ आणि शेजारच्या मोठ्या पाकिटावर ‘२९५ रुपये प्रतिकिलो’ असे दिसते. पहिल्याला हजाराने गुणले की ३२० येतात. चष्मा मात्र जवळ हवा, कारण तो आकडा मुंगीएवढा छापलेला असतो. तेलाच्या पिशवीचे तर वजनच वाचावे. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. शेजारीशेजारी मांडलेल्या दोन पिशव्यांत एक ९१० ग्रॅमची आणि दुसरी ८५० ग्रॅमची असेल, तर स्वस्त दिसणारी पिशवी महाग पडू शकते.

मिरजेची सून

एकक किंमत छापलेली असते हे मला माहीतच नव्हते. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन पाहिले. माझ्या त्या ‘मोफत’ शॅम्पूच्या बाटल्या १८० मिलिलिटरच्या आहेत आणि गेल्या वर्षी घेतलेली रिकामी बाटली २०० ची. चार बाटल्यांत ८० मिलिलिटर कमी. मोफत बाटलीचा जवळजवळ अर्धा भाग तेथेच गेला.

वालचंदचा माजी विद्यार्थी

वरील सर्व चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. कार्ड फुकट मिळत नाही. त्यासाठी मोबाईल क्रमांक द्यावा लागतो आणि त्या क्रमांकाला प्रत्येक पावती जोडली जाते. कोणत्या महिन्यात घरात लहान बाळाचे दूध सुरू झाले, कधी साखर बंद होऊन साखरेऐवजीच्या गोळ्या आल्या, पगार किती तारखेला होतो, हे सर्व त्यातून कळते. अर्धा टक्का ही त्या माहितीची किंमत आहे आणि ती फार कमी आहे, असे माझे मत आहे.

ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सूचना दिली आहे की, मोबाईल क्रमांक दिल्याशिवाय बिल करणार नाही अशी सक्ती करू नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती विशिष्ट कारणासाठी घ्यावी आणि ती मागे घेता यावी, असे तत्त्व आहे. एवढे असूनही खिडकीवरील मुलगी ‘सर, नंबर?’ असे इतक्या सवयीने विचारते की, माणूस सांगून मोकळा होतो. मी नाही म्हणालो, तेव्हा एका ठिकाणी बिल करणाऱ्याने शांतपणे स्वतःचा क्रमांक टाकला आणि माझे पॉइंट आपल्या खात्यात जमा केले. मला त्याचा राग आला नाही. त्याचा पगार पाहता त्याला ते लागतील.

कोणी सक्ती केलीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

कृष्णाकाठ

एवढ्या चर्चेत सामुदायिक खरेदीचा विषय कसा आला नाही याचे आश्चर्य वाटले. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते आहे. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल थेट संघापर्यंत येतो आणि सभासद तो वाटून घेतात. तेथे सजावट नाही, पॉइंट नाहीत आणि मोह होईल अशी मांडणीही नाही. आमच्या गल्लीत आम्ही पाच घरांनी गेल्या उन्हाळ्यात गहू आणि तूरडाळ असे एकत्र घेतले. भावात किलोमागे चार ते सहा रुपये सुटले. त्रासही झाला, तो लपवत नाही. एका घराने पैसे दोन महिन्यांनी दिले आणि पोती कोणाच्या जिन्याखाली ठेवायची यावरून जे बोलणे झाले, ते अजून पूर्ण मिटलेले नाही.

पेठेतला दुकानदार

पाच घरे एकत्र आली तर मीही पोत्याचा भाव लावतो. त्यासाठी संघाची नोंदणी करण्याची गरज नाही.

उधारीविषयी विश्रामबागकरांनी जे लिहिले ते दोन दिवस मनात होते, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पेठेत पाणी शिरले तेव्हा माझे खालचे सगळे पोते गेले आणि गल्ल्याजवळची उधारीची वही भिजून तिची पाने एकमेकांना चिकटली. पाणी ओसरल्यावर कोणाकडे किती येणे आहे हे सांगण्यास माझ्याकडे काहीच कागद नव्हता. लोक स्वतः येऊन आकडा सांगून पैसे देऊन गेले. सगळे आले असे मी म्हणणार नाही. माझ्या अंदाजाने चार आण्याची रक्कम बुडाली आणि त्यात चांगल्या खात्यापित्या घरांचीही होती. पण बारा आणे आले, आणि ते आले म्हणून दिवाळीपूर्वी दुकान पुन्हा उघडले.

विश्रामबागकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. घरी वाचून दाखवले. सौभाग्यवतींनी निकाल असा दिला आहे की, पाकिटे मॉलमधूनच आणायची, कार्डधारकांचा वेगळा भाव असेल तेथे कार्ड दाखवायचे, पण २८ पॉइंटांसाठी म्हणून एकही वस्तू उचलायची नाही. ८६ रुपये बुडाले तर बुडू द्यावेत. धान्य, डाळी आणि गूळ पेठेतून. पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून महिन्यातून एकच फेरी, आणि तीही माझ्या पेन्शनच्या कामासाठी बँकेत जायचे असेल त्याच दिवशी.

दुकानदार साहेब, साठवणीचा गहू यंदा कधी घ्यावा? शेजारची तीन घरे तयार आहेत.

पेठेतला दुकानदार

नवा गहू मार्चमध्ये येऊ लागेल, पण तो लगेच घेऊ नये. ओल असते, वजन फसवे येते आणि डब्यात भरला की कीड लवकर धरते. एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबा. चार घरांचा मिळून किती होईल ते आधी कळवा, आणि रिकामी पोती घेऊन या. बारदानाचे वेगळे पैसे पडतात.